पिशवीचा प्रश्न कागदावर आणताना



गटांची जी पत्रं आपल्या केंद्रावर येतात, त्यात हल्ली एक विचारणा सारखी असते. कुठे प्रशिक्षणात, कुठे तालुक्याच्या मेळाव्यासाठी गटाला निबंध लिहायला सांगतात. विषय ठरलेला: आपल्या गावातली समस्या आणि तिच्यावरचा उपाय. माहिती गोळा करून, अभ्यास करून लिहा, असंही बजावतात. मग गटातली जी बारावी झालेली सून असते, तिच्या गळ्यात ते काम पडतं. ती बिचारी भाकरी-भांडी आटपून एका रात्रीत दोन पानं लिहून देते आणि सुरुवात होते ‘पाणी हे जीवन आहे’पासून. असे निबंध आम्ही पुष्कळ वाचले. अक्षर सुंदर असतं, पण वाचून झाल्यावर गाव कुठलं तेसुद्धा कळत नाही.

तेव्हा आज निबंध लिहायच्या आधी काय करायचं, ते बोलू. नुसतं वरवर सांगून ते समजायचं नाही, म्हणून एकच विषय धरतो. मराठवाड्यात, त्यातही बीड जिल्ह्यात, हा विषय बाया कुजबुजत बोलतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकींच्या घरातली ही गोष्ट असेल. जवळ पोरंबाळं असतील तर असू द्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न लहान करणं. ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ असा मथळा घेतला की संपलंच. तो प्रश्न नाही, ते गाठोडं आहे. त्यात उचल आली, मुलांची शाळा सुटणं आलं, लवकर उरकलेली लग्नं आली, कोपीतला साप आला. सहा पानांत हे गाठोडं सोडवायला गेलात तर प्रत्येकाला चार-चार ओळी मिळतील आणि कुठलीच गोष्ट धड सांगून होणार नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘आमच्या गावातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या बाया पिशवी का काढतात आणि ज्यांना गरज नाही त्यांची ती कशी वाचेल?’

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘आमच्या गावातल्या’ म्हटलं म्हणजे आपण घरोघर जाऊन विचारू शकतो, जिल्ह्याचं ओझं डोक्यावर येत नाही. ‘चाळिशीच्या आतल्या’ म्हटलं, कारण तरुणपणी पिशवी गेली की शरीरावर पुढची कितीतरी वर्षं परिणाम होत राहतो. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याच्या वयातले सगळे त्रास एकदमच येतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आणि शेवटचं, ‘ज्यांना गरज नाही त्यांची’. हे शब्द गाळू नका. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधानं न थांबणारा रक्तस्राव असेल, तर हीच शस्त्रक्रिया जीव वाचवते. सरसकट ‘पिशवी काढणं वाईट’ असं लिहिलंत, तर पहिला डॉक्टर तुमचा निबंध बाजूला ठेवेल, आणि त्याचं चुकणारही नाही. शिवाय खरी गरज असलेली एखादी बाई तुमचं ऐकून घरी बसली, तर ते पाप कोणाच्या माथी?

दुसरं काम, आधी कोणी काय मोजलंय ते बघणं. २०१९ साली वर्तमानपत्रांतून बीडच्या बायांची ही गोष्ट बाहेर आली तेव्हा मोठा गहजब झाला. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा.

आता हा सतरा आकडा मोठा की लहान? एकटा आकडा काही बोलत नाही, त्याच्या शेजारी दुसरा बसवावा लागतो. देशभर घरोघरी होणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१५-१६ साली झाली, तेव्हा १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये पिशवी काढलेल्या शंभरात साधारण तीन होत्या. तिथे तीन, इथे सतरा. पण जरा थांबा, कारण जाणता माणूस इथेच बोट ठेवेल. देशाच्या पाहणीत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीही मोजलेल्या आहेत, आणि पोरींची पिशवी कोण काढतं? त्यांच्यामुळे तो तीनचा आकडा आणखी खाली येतो. दोन्हीकडे वयं सारखी धरली तर फरक थोडा कमी दिसेल. म्हणून ‘पाचपट, पाचपट’ असं ओरडण्याऐवजी दोन्ही आकडे द्यावेत, वयाचा फरक सांगावा आणि पुढे जावं. असं लिहिणाऱ्या बाईवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, हे आम्ही पुनःपुन्हा पाहिलंय.

मोजण्याची ताकद किती, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास होता आणि त्याआधी कधी तपासणी करून घेतलेल्या होत्या फक्त आठ. बाकीच्या अंगावर काढत होत्या. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब धरला जायचा. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, हे कुठल्या वहीतच नव्हतं. दोनच गावं, पण नीट तपासली, म्हणून पुढे जगात त्याची दखल घेतली गेली. तुमचं एक गाव लहान आहे म्हणून मागे सरू नका, असं म्हणायचंय.

आता सगळ्यात अवघड काम. गावातल्या बायांना विचारायचं कसं?

वेळ साधा. दसऱ्या-दिवाळीला टोळ्या निघाल्या की गाव रिकामं होतं. तेव्हा उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पाडव्याच्या सुमाराला माणसं परततात, तेव्हापासून पावसाळा संपेपर्यंत आपल्याला सवड. विचारायला कोण जाणार तेही ठरवा. मुकादमाच्या नात्यातली बाई नको. सरपंचीणबाई कितीही मायाळू असल्या तरी त्या नकोत. ज्या स्वतः तोडीला जाऊन आल्यात, त्या दोघी-तिघी बऱ्या. सासूसमोर, नवऱ्यासमोर विचारू नका. विहिरीवर, शेतात, जिथे ती मोकळी असेल तिथे बसा. आधी सांगा की हे कशासाठी चाललंय, नको असेल तर नाही म्हण, काही बिघडत नाही. वहीत नाव लिहायचं नाही. नुसता आकडा टाका, १, २, ३. आणि ती वही एकीच्याच पेटीत राहू द्या, गटाच्या बैठकीत फिरू देऊ नका. गावात एकदा कुणाची गोष्ट फुटली की पुढच्या दहा घरांची दारं बंद झाली म्हणून समजा.

विचारण्याचीही रीत असते. ‘डॉक्टरनं फसवलं का?’ असं विचारलं तर ती एकतर घाबरून नाही म्हणेल, नाहीतर आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल. दोन्ही उत्तरं निकामी. त्याऐवजी तिला सुरुवातीपासून सांगू द्या. पहिला त्रास काय होत होता? किती दिवस अंगावर काढला? आधी कुणाला दाखवलं? काय तपासण्या झाल्या? औषध किती दिवस घेतलं? पिशवी काढायची असं पहिल्यांदा कोण म्हणालं: डॉक्टर, नवरा, शेजारीण की ती स्वतः? दुसऱ्या डॉक्टरला विचारलं का? पैसे कुठून आणले? किती दिवसांनी पुन्हा कोयता हातात घेतला? आता काय होतं? या शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. कंबर दुखते, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, चिडचिड होते, हे सगळं बाया शेवटीच सांगतात.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जणी सोडून देतात. गावातल्या ज्या बाया तोडीला जात नाहीत, त्यांनाही हेच विचारा. त्यांच्यातही तेवढ्याच पिशव्या गेल्या असतील, तर कारण उसाच्या फडात नाही, दुसरीकडे आहे. कदाचित तालुक्याच्या बाजारपेठेत असेल, कदाचित ‘पोरं झाली, आता पिशवीचं काय काम’ या आपल्याच बोलण्यात असेल. उत्तर आपल्या मनासारखं आलं नाही तरी लिहायचं. नाहीतर एवढी पायपीट केलीच कशाला?

कागदाची माहिती सरकारी कचेरीतून मिळते. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. २०१९च्या गदारोळानंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. मग विचारा ना त्यांच्याच कार्यालयाला: वर्षभरात परवानगीचे अर्ज किती आले, किती मंजूर झाले, त्यात चाळिशीच्या आतल्या बाया किती? गोलमाल उत्तर आलं, तर ते गोलमाल उत्तरही निबंधात जसंच्या तसं घालता येतं. आशाताई आणि नर्सताईंशीही बोला. आणि डॉक्टरांशी, मुकादमाशीसुद्धा. त्यांची बाजू ऐकल्याशिवाय लिहिलेलं अर्धं राहतं.

एवढं जमलं की वह्या घेऊन बसायचं आणि ‘का’ विचारत खाली उतरायचं. पिशवी का काढली? पांढरं जात होतं, पोट दुखत होतं, पाळीत अंगावरून फार जात होतं. ते का वाढलं? कोपीवर पाणी नाही, संडास नाही, कापड धुवायला-वाळवायला आडोसा नाही, पहाटे अंधारात उठायचं ते रात्री गाडी भरेपर्यंत मोळ्या डोक्यावर. वेळीच औषध का नाही घेतलं? कारण खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकीनं बसायचं म्हटलं तर दोघांची मजुरी बुडते, वर दंड कापला जातो. शिवाय फडापासून सरकारी दवाखाना कोसावर. मग एकदम शस्त्रक्रियाच का? कुणीतरी ‘कॅन्सर होईल’ असं घातलेलं भय. पांढरं जाणं म्हणजे कर्करोग नव्हे आणि यातल्या पुष्कळ तक्रारी औषधानं बऱ्या होतात, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. आणि पाळीच नको, म्हणजे खाडाही नको, हा हिशेब. पैसे मुकादमाकडून घेतले की ते पुढच्या उचलीत धरले जातात, म्हणजे ज्या कामानं दुखणं आलं त्याच कामाला ती आणखी घट्ट बांधली जाते.

हे वाचायला कसं सलग वाटतं बघा. पण तुमच्या वहीत प्रत्येक पायरीला आधार आहे का, ते एकेक करून तपासा. चार बायांनी सांगितलं असेल तर ‘चौघींनी सांगितलं’ असं लिहा, ‘सगळ्या बाया म्हणतात’ असं नको. आणि दवाखान्याचं, डॉक्टरचं नाव निबंधात घालू नका. एखादा ठोस पुरावा हाती लागला तर त्याची तक्रार वेगळी करायची असते, वकिलाला विचारून. निबंध ही त्याची जागा नव्हे.

समोरच्याचं म्हणणं मात्र मान ठेवून घाला. डॉक्टर म्हणतात, बाया स्वतःच येऊन सांगतात, काढून टाका एकदाची. ते खोटं नाही, आपणही हे आपल्या कानांनी ऐकलंय. मग त्याचं उत्तर शोधा. औषधाचा मार्ग आहे, शस्त्रक्रियेनंतर हे-हे होऊ शकतं, हे सांगितल्यावर तिनं हो म्हटलं तर तो तिचा निर्णय. न सांगताच घेतलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे. मुकादम म्हणतो, मी कुणावर जबरदस्ती केली नाही. त्यानं केलीही नसेल. खाडा कापायचा नियम असला की जबरदस्ती करायला माणूस लागत नाही.

आता उपाय. बहुतेक निबंध इथे येऊन आपटतात. पाच पानं भरून दुःख लिहिलेलं असतं आणि शेवटी दोन ओळी: शासनानं लक्ष द्यावं, जनजागृती करावी. ‘जनजागृती’ शब्द आला की आम्ही पेन्सिलीनं गोल करून ठेवतो. कोणी करायची, कधी, कुणाची, काय सांगून? उत्तर नसेल तर तो शब्द खोडा.

उपाय नेहमी कारणाला बांधायचा. आधी, काय झालंय ते लिहा आणि ते कुठे कमी पडलं ते लिहा. शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम चांगला, पण तो शेवटच्या पायरीवर उभा आहे. दुखणं सुरू झालं तेव्हा तो कुठे होता? आणि बाई शेजारच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात गेली तर? एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं केलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. तो खटला बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या बायांवरून उभा राहिला होता. म्हणजे हे दुखणं एकट्या बीडचं नाही, हेही निबंधात येऊ द्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळही निघालं आहे. त्याचा आपल्या गावातल्या किती बायांना उपयोग झाला, तेवढं विचारून लिहा.

मग आपले उपाय. आम्हाला सगळ्यात आधी सुचतो तो दसऱ्याच्या आधीचा. टोळी निघण्यापूर्वी उपकेंद्रात बायांची तपासणी, बरोबर पुरतील एवढी औषधं आणि हातात एक कागद, जो फडाजवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. नुसतं शिबिर घेऊन फोटो काढले तर त्याचा उपयोग शून्य, औषध मिळालं पाहिजे, असं स्पष्ट लिहा. दुसरा आपल्या हातातला: गटाच्या पैशातून आजारपणासाठी वेगळं कर्ज, म्हणजे मुकादमापुढे हात पसरायला नको. यात अडचण आहे. गटाची गंगाजळी लहान, आणि तोडीवर गेलेल्या बाया चार-पाच महिने बैठकीला नसतात, हप्ता चुकतो. ती अडचण लपवू नका, हप्ता हंगामानंतर घेता येईल का ते मांडा. तिसरा, कराराच्या वेळीच आजारपणाचे काही दिवस खाड्यात न धरण्याचं ठरवणं; चौथा, कोपीवर पाणी आणि संडास. हे दोन्ही आपल्या ग्रामपंचायतीच्या हातात नाहीत, कारण फड असतो शंभर-दोनशे कोसांवर. ते कारखान्याकडे आणि साखर आयुक्तांकडे मागायचं. म्हणून उपाय लिहिताना प्रत्येकासमोर लिहा, हे कोणाकडे मागतोय. ज्याच्या हातात नाही त्याच्याकडे मागितलं की कागद नुसता फिरत राहतो.

लिहिण्याबद्दल फार सांगत नाही. सुरुवात एका बाईच्या गोष्टीनं करा, तिची परवानगी घेऊन, नाव न घालता. १८५५ साली मुक्ता साळवे या पुण्याच्या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला होता. सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेतली ती विद्यार्थिनी. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे तिनं त्यात मांडलं. पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ती बाळंतीण हलत नाही. एवढी एक गोष्ट झाली की मग आकडे, मग कारणं, आणि उपायाला निदान दोन पानं राखून ठेवा.

लिहिणारी एक असली तरी बोलणाऱ्या चौघी असू द्या. कच्चं लिखाण झालं की ज्या बायांनी माहिती दिली त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. एखादी म्हणेल, हे वाक्य काढ, यावरून मला ओळखतील. मग ते वाक्य कितीही चांगलं जमलेलं असो, काढायचं.

पक्क्या निबंधाच्या दोन प्रती करा. एक मेळाव्यात द्या. दुसरी ग्रामसभेआधी जी महिला सभा होते तिथे वाचा आणि ठरावाला जोडायला सांगा. १५ ऑगस्टची सभा सोयीची, तेव्हा टोळ्या गावात असतात. ग्रामसेवकाकडे कागद देताना आपल्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. ‘नंतर देतो’ म्हणाले तर तिथेच बसून राहा.